मेंबरीणबाईंची विहीर

बोरदऱ्याच्या ग्रामपंचायतीत बायकांच्या दोन जागा होत्या आणि दोन्ही भरलेल्या होत्या, ह्याचा सरपंच रंगनाथ आण्णांना अभिमान होता. एका जागेवर त्यांची चुलती होती. तिला ऐकू येत नसे. दुसरीवर त्यांची बायको पुष्पावती होती. तिला सगळं ऐकू येत असे, पण बैठकीला ती आजवर कधी गेलेली नव्हती. बैठक उरकली की शिपाई ओसरीवर येई, ती पिठाचे हात पदराला पुसून सही करी आणि शिपायाला चहा देई. सहीपेक्षा चहाला जास्त वेळ लागे. गावातल्या बाया तिला थट्टेनं ‘मेंबरीणबाई’ म्हणत. थट्टा प्रेमाची होती, त्यामुळे तिलाही गोड वाटे.

त्या साली, म्हणजे त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात, थट्टेला फारसा कुणाला वेळ नव्हता. पाऊस दुसऱ्यांदा फसला होता. आख्खं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं आणि घरोघर त्या परदेशी लाल ज्वारीच्या भाकऱ्या होत होत्या. गावच्या विहिरींनी तळ दाखवले होते. टँकर आला तर आला. बाया दिवसभर खडी फोडून संध्याकाळी नदीच्या पात्रातल्या झिऱ्यांवर जायच्या, वाटीवाटीनं कळशी भरायच्या आणि अंधारात ठेचकाळत घरी यायच्या.

पाणी होतं ते एकाच विहिरीत. सरपंचांच्या लिंबोणीच्या बागेत.

ही बाग म्हणायला सरपंचांची, पण लावलेली पुष्पावतीनं. एकुलती लेक लग्न करून श्रीगोंद्याला गेली, त्याच वर्षी तिनं रोपं आणवली होती. प्रत्येक आळं तिनं स्वतः केलेलं. झाडं आता कुठं फळाला आली होती. रोज संध्याकाळी गडी इंजिनाला हँडल मारी, इंजिन ठकठक करत सुरू होई, आणि पाटातून पाणी झाडांकडं निघालं की पुष्पावती बांधावर बसून ते बघत राही. पाणी आळ्यात शिरताना जो आवाज होतो ना, तेवढा ऐकला की तिला जेवण गोड लागे.

पंधरवड्यामागं गोजरबाई तिच्या दारात आली होती. गोजरबाई म्हणजे गावची सुईण. सत्तरीला टेकलेली, कमरेत वाकलेली. ती कसली मेंबर नव्हती की पुढारी नव्हती. पण कुणाच्या घरात भांडण लागलं, कुणाची सून माहेरी निघून गेली, की माणसं आधी तिच्याकडं जात आणि मग सरपंचाकडं. सरपंचाकडं जात ते तिनं काय सांगितलं ते सांगायला.

‘सूनबाई, येक मागायला आलेय. न्हाई म्हनू नगंस,’ ती उंबऱ्याशी टेकत म्हणाली.

‘बोला की आत्याबाई.’

‘बागंच्या हिरीवर सांजच्याला आमाला दोन दोन कळश्या भरू दे. झिऱ्यावरनं येताना लई अंधार हुतोय. परवा साळूबाईची सून पडली दगडावर. सातवा म्हैना. प्वाट वाचलं, नशीब म्हनायचं.’

पुष्पावतीचा जीव कळवळला. अगदी खरा कळवळला. ‘ह्यांना इचारते,’ ती म्हणाली.

तिनं विचारलं नाही. पहिल्या दिवशी विसरली. दुसऱ्या दिवशी विसरल्यासारखं केलं. दोन्ही संध्याकाळी ती बांधावर बसून पाटातलं पाणी बघत होती आणि मनात गावातल्या कळश्या मोजायचा प्रयत्न करत होती, आणि कळश्या संपत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी गोजरबाई वाटेत भेटली. तिनं नुसतं वर बघितलं, आणि पुष्पावतीच्या तोंडातून निघून गेलं, ‘हे न्हाई म्हनले, आत्याबाई.’

किती सहज निघालं! गोजरबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. ‘तू तरी काय करशील, बाई. आपल्याला कोन इचारतंय.’

पुष्पावतीनं ती कीवही घेतली. नको म्हणाली नाही. त्या दिवसापासून बाया तिच्याशी जास्तच मायेनं बोलू लागल्या आणि रंगनाथ आण्णा समोरून आले की थुंकायला तोंड वळवू लागल्या. आण्णांना वाटलं, उन्हाळ्यामुळं असेल.

*

अशात पाहुणी आली. आफ्रिकेतल्या घाना देशातून ती पुण्याला शिकायला आली होती. गावं कशी चालतात, सोसायट्या कशा चालतात, असलं काहीतरी. खेड्यात बायका पंचायतीवर आहेत, हे तिला डोळ्यांनी बघायचं होतं. तालुक्याहून मुख्य सेविका केशरबाई दुभाषी म्हणून येणार होत्या. केशरबाई आदल्या आठवड्यात निरोप घेऊन आल्या, तेव्हा रंगनाथ आण्णांनी त्यांना बाजूला घेऊन हळूच विचारलं होतं, ‘बाई, त्या लोकांत कापडं घालत्यात का? न्हाई म्हंजे, आमची मंडळी जरा जुन्या वळनाची हायेत.’

जीपमधून आकोसुआ उतरली. चाळिशीची असेल. अंगभर कडक इस्त्रीचं निळं-पिवळं कापड आणि डोक्याला त्याच कापडाचा ऐटदार फेटा. सगळ्या बोरदऱ्यात त्या दिवशी तिच्याइतकी झाकलेली बाई दुसरी नव्हती. फाटक्या लुगड्यांतल्या बाया पदर ओढून घेऊ लागल्या. केशरबाईंनी आण्णांकडं एकदा बघितलं. आण्णा खोकले.

दुपारचं जेवण पुरणपोळीचं होतं. गव्हाचं पीठ लेकीच्या सासरहून मागवलेलं. ‘गावात सगळे हेच जेवतात?’ आकोसुआनं विचारलं. ‘व्हय, व्हय,’ आण्णा म्हणाले. वाढता वाढता पुष्पावतीचा हात थांबला. मग तिनं आणखी एक पोळी वाढली. करणार काय?

जेवणं झाल्यावर आकोसुआ ओसरीवर बसली ती थेट पुष्पावतीच्या समोर. बाहेर अंगणात दुपारच्या सुट्टीत माणसं गोळा झालीच होती. आकोसुआ विचारायची ते पुष्पावतीला, केशरबाई सांगायच्या तेही पुष्पावतीला, आणि उत्तर यायचं ते रंगनाथ आण्णांच्या तोंडून.

‘पंचायतीत तुम्ही कशाकडं लक्ष देता?’

‘त्या पान्याचं बगत्यात,’ आण्णा म्हणाले. ‘बायांचं समदं बगत्यात.’

पुष्पावती पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत बसली. आकोसुआ मात्र प्रत्येक उत्तरानंतर आण्णांकडं नाही, पुष्पावतीकडं बघून मान लववत होती. मोठ्या अदबीनं. पुन्हा काही विचारायचं तर आधी थोडी पुढं झुकायची. बाया एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या.

शेवटी आकोसुआ केशरबाईंना काही म्हणाली आणि केशरबाईंना हसू आवरेना.

‘आण्णा, ह्या तुमची तारीफ करतायत. म्हणतात, बाईंचा बोलका फार हुशार आहे.’

‘कुनाचा कोन?’

मग केशरबाईंनी नीट विचारून घेतलं आणि सांगितलं. आकोसुआच्या लोकांत, आकान म्हणतात त्यांना, राजा असतो, पण तो चारचौघांत मोठ्यानं बोलत नाही. तो नुसता बसतो. काय सांगायचं ते हळू पुटपुटतो, आणि शेजारी हातात काठी घेऊन एक माणूस उभा असतो, तो ते सजवून लोकांना सांगतो. लोकांचं म्हणणंही त्याच माणसाकडून राजापर्यंत जातं. त्यामुळे तिकडं कुठल्याही बैठकीत शिरलं की बघायचं, गप्प कोण बसलंय. ज्याचं तोंड सारखं चालू असतं, तो नोकर.

‘त्यांना वाटलं, गावच्या मुख्य ह्या आहेत,’ केशरबाई म्हणाल्या. ‘आणि तुम्ही ह्यांचे काठीवाले.’

अंगणात हशा उसळला. बाया तर पदर तोंडात कोंबून हसल्या. ‘आण्णा, काठी कुटं हाय?’ कुणीतरी पाराकडून ओरडलं. रंगनाथ आण्णा तसे दिलदार. त्यांनी कोपऱ्यातली म्हशी हाकायची काठी उचलली आणि पुष्पावतीच्या शेजारी ताठ उभे राहिले. ‘बरूबर वळाकलं पावनीनं. ह्या घरात माजं तेवडंच काम हाय.’

पुष्पावती लाजली. पण पदराच्या आत तिला बरं वाटलं, खोटं कशाला सांगायचं? आयुष्यात पहिल्यांदा कुणी तिच्याकडं बघून मान लववली होती. केशरबाई पाहुणीची समजूत दुरुस्त करायला लागल्या होत्या, इतक्यात आण्णाच म्हणाले, ‘ऱ्हाऊ द्या हो बाई. दोन घटका हूं द्या की रानी.’ आणि ते तसंच राहिलं.

ऊन कललं तसं पुष्पावतीनं पाहुणीला बाग दाखवली. हिरवीगार झाडं बघून आकोसुआ थक्क झाली. ‘बाकी सगळं इतकं वाळलंय, मग हे कसं?’ तिनं विचारलं. पुष्पावतीनं विहिरीकडं बोट दाखवलं आणि लगेच एक पिवळं लिंबू तोडून तिच्या हातात ठेवलं.

*

कामावरून बाया सुटल्यावर शाळेपुढच्या पटांगणात सभा भरली. आकोसुआला आणि पुष्पावतीला खुर्च्या दिल्या होत्या. आण्णा शेजारी उभे होते. काठी आता हातात नव्हती, पण सगळ्यांना ती दिसतच होती. खडीच्या धुळीनं पांढऱ्या झालेल्या बाया पुढं जमिनीवर बसल्या.

‘तुमच्यात राजा कसा हुतो? बापामागं ल्योक?’ पहिला सवाल गोजरबाईचाच.

नाही, आकोसुआनं सांगितलं. आमच्यात घराणं आईकडून चालतं. गादीवर बसता येईल असे भाचे, भाऊ पुष्कळ असतात. त्यांतला कुठला, हे घराण्यातली वडीलधारी बाई सांगते. आमच्या गावात ती माझी मावशी. तिनं नाव घेतलं की जाणती माणसं बघतात, मग सगळं गाव जमतं. गावानं हो म्हटलं तर तो राजा. नाही म्हटलं तर तिनं दुसरं नाव शोधायचं. आणि पुढं तो चुकायला लागला, तर त्याला तोंडावर बोलायचा पहिला हक्क तिचा.

‘आन बोलूनबी न्हाई सुदारला तर?’

‘तर लोक त्याच्या पायांतल्या वहाणा काढून घेतात. राजाचे अनवाणी पाय जमिनीला लागायचे नसतात. लागले की संपलं.’

हे बायांना फारच आवडलं. ‘लई सोपं हाय की गं!’ एक म्हणाली. सगळ्यांच्या नजरा आण्णांच्या नव्या कोल्हापुरी वहाणांवर गेल्या. आण्णांनी एक पाय दुसऱ्यामागं घेतला, तसा पुन्हा हशा झाला.

‘आन निवडनारीच चुकली तर?’ गोजरबाईनं विचारलं.

आकोसुआ म्हणाली, माझी मावशी एकदा चुकली. लाडका भाचा होता, त्याचं नाव घेतलं. तो लबाड निघाला. लोकांनी त्याच्या वहाणा काढल्या आणि तसेच मावशीच्या दारात आले. कुणी काही बोललं नाही. नुसते उभे राहिले. त्यानंतर पुष्कळ दिवस मावशी बाजारात गेली नाही. ‘आणि आमच्याकडं सगळं चांगलंच चालतं असं समजू नका,’ ती हसून म्हणाली. ‘शहरातली पोरं ह्या सगळ्याला हसतात. आणि निवड आली की मावशीच्या दारात दारूच्या बाटल्या घेऊन माणसं येतात, ती काय तिची तब्येत विचारायला येतात?’

हे मात्र पुरुषांना चांगलंच समजलं. निवडणूक सगळ्यांनीच पाहिलेली होती.

मग गोजरबाई गुडघ्यावर हात ठेवून उठली. हसणं थांबलं.

‘सरपंच, पावनी बसल्याती म्हनून इचारते. बागंच्या हिरीचं पानी तुमी आमाला न्हाई म्हनलात. घरात म्हनलात. आता हितं, चारचौघांत म्हना. कावून न्हाई?’

पुष्पावती खुर्चीत मागं सरली.

‘मी?’ रंगनाथ आण्णा म्हणाले. ‘मी कवा न्हाई म्हन…’

बोलता बोलता त्यांची नजर बायकोकडं गेली. ती खुर्चीत आक्रसून बसली होती. मान खाली, पदराचं टोक मुठीत. अठ्ठावीस-तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला बायकोच्या मानेवरून पुष्कळ कळतं. आण्णांचं वाक्य अर्ध्यात राहिलं. एक क्षणभरच. बाकी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

‘व्हय,’ ते म्हणाले. ‘न्हाई म्हनलो हुतो. झाडं जळतील. सात वर्सांची झाडं हायेत. टँकरचं मी बगतो, तालुक्याला जातो. पर हिरीचं न्हाई.’

बायांत कुजबुज झाली. कुणीतरी दात खाऊन शिवी दिली, ती मागपर्यंत ऐकू गेली. केशरबाई हळू आवाजात आकोसुआला सगळं सांगत होत्या. ऐकून आकोसुआ वळली. सरपंचाकडं नाही, पुष्पावतीकडं. आणि तिनं काहीतरी विचारलं.

केशरबाई अवघडल्या. ‘त्या विचारतात… हा शब्द तुमचाच ना? त्यांच्याकडं काठीवाल्यानं भलतंच सांगितलं, तर मालकीण तिथल्या तिथं अडवते. अडवलं नाही, तर तो शब्द तिचाच धरतात.’

सगळं पटांगण खो-खो हसलं. पुरुष हसले, धुळीनं माखलेल्या बाया त्या तहानेतही हसल्या. पुष्पाचा शब्द! मेंबरीणबाईंचा!

‘तिला कशाला इचारता, बाई,’ गोजरबाई कळवळून म्हणाली. ‘ती गरीब गाय. तिच्या हातात काय हाय?’

हसली नाहीत ती दोनच माणसं. एक पुष्पावती आणि दुसरे रंगनाथ आण्णा. आण्णा समोर कुठंतरी बघत उभे होते, शिव्या अंगावर घेत. एवढी मोठी सभा, आणि पुष्पावतीला ओळखलं होतं ते एका परक्या बाईनं, तेही चुकून. ‘नाही, मी म्हणाले होते’ असं म्हणायला तोंड उघडावं लागतं. ते उघडेना. म्हणावं तर बायांची माया जाते. म्हणावं तर झाडं जातात. आणि गोजरबाईच्या त्या दोन शब्दांनी तर तिला खुर्चीतून उतरवून खड्ड्यात गाडलं. पाठीवरून फिरलेला हात अजून पाठीवर होता.

ती गप्प बसली.

आकोसुआनं वाट बघितली, मग मान हलवली. तिला उत्तर मिळालं होतं.

जीपमध्ये बसताना तिनं सगळ्यांना नमस्कार केला. आण्णांना केला, गोजरबाईचे तर दोन्ही हात हातांत धरले. पुष्पावतीपुढं ती जरा थांबली. आता मान लववली नाही. केशरबाईंना काही म्हणाली.

‘म्हणतात, झाडं सुंदर आहेत,’ केशरबाई म्हणाल्या.

*

दिवेलागणीला आण्णा ओसरीवर बाजेवर बसले होते. वहाणा काढून पाय चोळत होते. पुष्पावतीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि तिथंच उभी राहिली.

‘मी कवा न्हाई म्हनलो गं?’ त्यांनी विचारलं. रागानं नाही. खरंच आठवत नसल्यासारखं.

‘तुमी काय बी म्हनला न्हवता. मी इचारलंच न्हवतं.’

‘हां.’

‘मंग तितं व्हय कशाला म्हनलात?’

‘मंग काय गावाम्होरं तुला खोटी पाडू? पावनीदेखत?’ त्यांनी घोटभर पाणी प्यायलं. ‘सरपंचाला लोक शिव्या देत्यातच. त्यात ह्या आनखी दोन.’

ह्या माणसानं तिला कधी बैठकीला नेलं नव्हतं. तिची उत्तरं तो द्यायचा, तिच्या सह्या घरपोच मागवायचा. त्यासाठी त्याच्यावर रागवायला ती मोकळी होती, आणि अधूनमधून रागवायचीही. पण आज त्याच्यावर रागवायला तिला जागाच सापडेना. त्याच्या आड बसून तिनं काय काय केलं होतं? नणंदेला दिवाळीला बोलवायचं नव्हतं, तेव्हाही ‘हे नको म्हणतात’. शेजारणीला शिवणयंत्र द्यायचं नव्हतं, तेव्हाही ‘ह्यांना आवडत नाही’. विचार करू लागली तशी एकेक नाही आठवायला लागली. सगळ्या तिच्या होत्या आणि सगळ्या त्याच्या तोंडी घातलेल्या. तिला स्वतःच्या घरात उभं राहायची लाज वाटली.

‘मी इचारलं असतं,’ ती म्हणाली, ‘तर काय म्हनला असता तुमी?’

आण्णांनी तांब्या खाली ठेवला.

‘काय ठाव,’ ते म्हणाले. ‘इचारलंच न्हाईस की.’

*

दुसऱ्या दिवशी दुपारी, कामावर सुकडीचा सरकारी खाऊ वाटायच्या वेळेला, पुष्पावती खडीच्या ढिगांपाशी जाऊन उभी राहिली. हातात इंजिनाचं हँडल होतं. लोखंडी, वाकडं, तेलकट. ते काढून आणताना तिचा पदर काळा झाला होता. एवढ्या उन्हात सरपंचाची बायको कामावर आलेली बघून बाया सरकल्या, तिला सावलीत जागा केली.

‘बस, बाई. काल लई तरास झाला का गं घरी? मारलं-बिरलं न्हाई ना?’ गोजरबाईनं विचारलं.

हे ऐकलं आणि पुष्पावतीला वाटलं, आल्या पावली परत जावं. तिनं येताना वाटेत चार वाक्यं जुळवली होती. झाडांचं सांगायचं, लेकीचं सांगायचं, मग हळूच ते सांगायचं. त्यातलं काही जमलं नाही.

‘हे न्हाई म्हनले न्हवते,’ ती म्हणाली. ‘मी त्यांना इचारलंच न्हाई. न्हाई म्हनले ती मीच.’

साळूबाईच्या हातातली सुकडी हातात राहिली. दूर पुरुषांच्या हातोड्या तेवढ्या वाजत होत्या.

‘आगं पर,’ गोजरबाई शेवटी म्हणाली, ‘आमी पंदरा दिस त्या मानसाला शिव्या घालतोय. त्याच्या आईबापाचा उद्धार केला. त्या शिव्या आता म्हागारी कशा घ्यायच्या?’

एक-दोघी हसल्या. हसल्या, पण पुष्पावतीकडं बघून नाही. साळूबाई मात्र तिच्याकडंच बघत होती. तिची सून पलीकडं पोटावर हात ठेवून दगडाला टेकली होती. साळूबाईच्या नजरेत राग नव्हता, तर हिशेब होता. म्हणजे सून पडल्यावरही पंधरा दिवस त्याच दगडांतून चालत होती ती, हिच्यामुळं. पुष्पावतीनं तो हिशेब वाचला आणि तो चुकलेला नव्हता.

मायेनं बघणं संपलं होतं. ते किती ऊबदार होतं हे तिला आता, गेल्यावर कळलं.

‘सांजच्याला या हिरीवर,’ ती घाईनं म्हणाली आणि हँडल गोजरबाईपुढं धरलं. ‘आन हे तुमी ठेवा, आत्याबाई. ह्याच्याबिगर इंजिन चालत न्हाई. माज्याकडं ऱ्हायलं तर परवा मीच गड्याला दीन. माजा भरवसा न्हाई मला.’

गोजरबाईनं हँडलाकडं बघितलं. मग पुष्पावतीकडं.

‘मी न्हाई घेत.’

‘का वो?’

‘कालपतुर नवऱ्याच्या आड बसलीस. आता माज्या आड बसतीस व्हय? उद्या झाडं वाळली की म्हनशील, आत्याबाईनं पानी सोडू दिलं न्हाई.’ तिनं सुकडीचा घास तोंडात टाकला. ‘मेंबर तू हायेस. सांबाळ तूच.’

पुष्पावती ते जड लोखंड हातात घेऊन तशीच परत निघाली. भर उन्हात, सगळ्यांच्या नजरेखालून. मागं कुणी तिला ‘सांभाळून जा गं’ म्हणालं नाही. एरवी म्हणायच्या.

*

संध्याकाळी बाया आल्या. घोळक्यानं आल्या, पण बागेच्या तोंडाशी थबकल्या. वाटेवर बाभळीच्या काट्या टाकलेल्या होत्या. त्या तिनं सकाळी काढायला हव्या होत्या. विसरली होती, किंवा विसरल्यासारखं केलं होतं. आता तीच पुढं होऊन उचलू लागली. काटे हाताला लागत होते. मदतीला कुणी वाकलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

रहाट करकरू लागला. पहिल्या घागरी भरल्या. पहिल्या बायका पाणी घेऊन निघाल्या त्या न बोलता. आभार मानतील असं पुष्पावतीला वाटलं नव्हतं. म्हणजे, थोडंसं वाटलं होतं. तिचा तिलाच राग आला. मग तिचं लक्ष झाडांकडं गेलं. दिवसभराच्या उन्हानंच पानं वळायला लागली होती. विहिरीतून वर येणाऱ्या प्रत्येक घागरीबरोबर ती एकेक झाड मनातल्या मनात काढून टाकत होती. हे विहिरीलगतचं जगेल. ते जाईल. ते तर नक्कीच. थांबवता आलं असतं तर तिनं ते मोजणं थांबवलं असतं.

साळूबाईची सून आली तेव्हा पोहरा अर्धा गाळ घेऊन वर आला. पाणी खाली गेलं होतं.

‘काल-परवापतुर झाडास्नी सोडलं नसतं तर पुरलं असतं,’ कुणीतरी म्हणालं. कोण, ते पुष्पावतीनं वळून बघितलं नाही. मागं अजून पुष्कळ घागरी होत्या.

‘थांबा. झिरपू द्या,’ गोजरबाई म्हणाली, आणि सगळ्या जणी विहिरीच्या कडेला बसून वाट बघू लागल्या.

तेवढ्यात बांधावरून रंगनाथ आण्णा आले. मागं गडी. इंजिनाच्या वेळेला तो रोज येई तसा आला होता. आण्णांनी विहिरीवरचा घोळका बघितला, गाळाचा पोहरा बघितला, बाजूला पडलेल्या काट्या बघितल्या. बाया उठून उभ्या राहिल्या. रहाटाचा दोर गोजरबाईच्या हातात होता. आण्णांना काहीही बोलता आलं असतं, आणि ते बोलले असते तर पुष्पावतीनं ऐकलं असतं. तिला ती आशाही वाटली. त्यांनी नाही म्हणावं, मोठ्यानं म्हणावं, आणि सगळं पुन्हा पहिल्यासारखं व्हावं, अशी. ह्या एका गोष्टीची लाज तिनं पुढं कुणालाच कधी सांगितली नाही.

आण्णा गावाकडं बघत नव्हते. तिच्याकडं बघत होते.

‘इंजिन लावायचं का आज?’ त्यांनी तिला विचारलं.

हँडल तिच्याच हातात होतं. झाडं तिथंच होती.

‘न्हाई,’ ती म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की गोजरबाईनं कानाला हात लावला. ‘काय म्हनली?’

तिला ते पुन्हा म्हणावं लागलं.